दस्तरखान उचलतानाच ठरवा
उरलेली अंडी, फ्रीजर आणि घरच्यांची तब्येत

दोन वर्षांपूर्वी आमच्या घरी दिराच्या मुलाचा अकीका होता. द्रोणागिरीतल्या आमच्या इमारतीत घरं लहान, पण माणसं मोठ्या मनाची. शेजाऱ्यांनी खुर्च्या दिल्या, जिन्यात चपलांचा ढीग लागला. बिर्याणी बावर्चीने केली. मटण न खाणाऱ्यांसाठी आणि लहान मुलांसाठी मी घरीच अंड्याचं सालन केलं. पनवेलच्या बाजारातून अंड्यांचे दोन ट्रे आणले होते, म्हणजे साठ अंडी. जेवणं दुपारी एकला सुरू झाली आणि चारला आटोपली. टोपात वीस-बावीस अंडी आणि भरपूर रस्सा उरला.

मग जे घराघरांत होतं तेच झालं. पाहुणे बोलत बसले, चहा झाला, बाळाला कुणी ना कुणी मांडीवर घेत राहिलं. टोप ओट्यावर झाकून ठेवलेला. रात्री अकराला सगळं आवरल्यावर माझं लक्ष तिकडे गेलं. टोप अजून कोमट होता. वास चांगला, रंग चांगला. मी तो तसाच फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ढकलला आणि निवांत झोपले.

सकाळी नऊला सालन उकळून गरम केलं आणि तांदळाच्या भाकरीबरोबर सगळ्यांना वाढलं. दुपारपर्यंत सासूबाई, माझी लेक आणि दीर असे तिघे उलट्यांनी हैराण झाले. लेक आणि दीर दोन दिवसांत सावरले. सासूबाईंचं वय सत्तर, त्यात साखरेचा त्रास. त्यांना दोन दिवस सलाईन लावावं लागलं. डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, “जेवण शिजल्यावर ते किती वेळ बाहेर होतं?” मी मनातल्या मनात तास मोजले आणि मान खाली घातली.

घरी आल्यावर अम्मी मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “टाकायचं मन होत नाही ना बेटा. माझंही झालं नसतं.”

हा लेख त्या वाक्यामुळे लिहिते आहे. अन्न वाया घालवणं आपल्याला गुन्ह्यासारखं वाटतं आणि ते बरोबरच आहे. इसराफ आपल्या दीनने मना केला आहे. पण घरच्यांच्या जिवाची काळजी हीसुद्धा आपल्यावर सोपवलेली अमानत आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी पाळता येतात. त्यासाठी निर्णय रात्री अकराला न घेता दस्तरखान उचलतानाच घ्यावा लागतो.

रीफरवाल्यांकडून शिकलेला धडा

द्रोणागिरी हा सिडकोने नवी मुंबईत वसवलेला उरणकडचा नोड. शेजारी जवाहरलाल नेहरू बंदर. हे बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झालं आणि त्याच्या भोवती कंटेनर यार्ड आणि गोदामं पसरत गेली. १२ जानेवारी २०२४ रोजी खारकोपरच्या पुढे उरणपर्यंत लोकल सुरू झाली आणि द्रोणागिरीलाही स्टेशन मिळालं. पण त्याआधीपासून इथल्या माणसाला कंटेनरची सवय आहे. इथली बरीच घरं बंदर, ट्रक आणि यार्डाच्या कामावर चालतात. माझे दीरही एका यार्डात कामाला आहेत.

यार्डात काही कंटेनर विजेच्या प्लगला जोडलेले असतात आणि त्यांचा घुं-घुं आवाज सतत येत असतो. त्यांना रीफर म्हणतात. नाशिकची द्राक्षं, गोठवलेली कोळंबी, गोठवलेलं मांस यांतूनच परदेशी जातं. गोठवलेल्या मालासाठी आतलं तापमान उणे १८ अंश किंवा त्याहूनही खाली ठेवतात.

अम्मी बऱ्या झाल्यावर एका रात्री जेवताना दीर म्हणाले, “भाभी, आमच्याकडे एक गोष्ट नवीन पोराला पहिल्या दिवशी सांगतात. रीफर माल गार करत नाही, गार केलेला माल गार ठेवतो. कोमट माल आत भरलात तर मशीन कितीही चालू दे, आतल्या पेटीपर्यंत थंडी पोहोचेपर्यंत माल गेलेला असतो.”

म्हणूनच द्राक्षं पॅकहाऊसमध्ये आधी गार करतात आणि मगच कंटेनरमध्ये भरतात. मांस, मासळी आधी कारखान्यात गोठवतात. कंटेनरच्या आत भिंतीवर एक लाल रेघ असते, तिच्या वर माल रचायचा नाही. वरून हवा फिरायला जागा हवी असते.

मी आमच्या फ्रीजकडे पाहिलं. मी कोमट टोप ढकलला होता. आतले बाकीचे डबे एकमेकांना चिकटून ठासलेले होते. थंडी त्या टोपाच्या मधोमध पोहोचायला किती तास लागले असतील, अल्लाहलाच ठाऊक.

घड्याळ कधी सुरू होतं?

५ अंश ते ६० अंश सेल्सियस हा तापमानाचा पट्टा जंतूंना फार मानवतो. अनुकूल परिस्थितीत काही जंतू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. एकापासून हिशेब केला तर दोन तासांत ६४, चार तासांत चार हजारांहून जास्त आणि सहा तासांत अडीच लाखांहून जास्त. आमचं सालन दुपारपासून रात्री अकरापर्यंत याच पट्ट्यात बसलं होतं.

म्हणून जगभर एक साधा नियम सांगतात. शिजलेलं अन्न चुलीवरून उतरल्यापासून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासाच्या आत. आपल्या कोकणपट्टीत एप्रिल-मेची दुपार असली की एक तासच धरा. हे दोन तास एकूण आहेत. दुपारी एक तास आणि संध्याकाळी एक तास बाहेर राहिलं, तरी दोन तास संपले.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. “सकाळी चांगलं उकळलं की सगळे जंतू मरतात.” जंतू मरतात हे खरं. पण काही जंतू अन्नात विष सोडून ठेवतात आणि ते विष उकळूनही जात नाही. आपल्या हातावर, नाकात असणारा स्टॅफिलोकॉकस हा त्यातला एक. भातात वाढणारा बॅसिलस सिरियस हा दुसरा. अंडा बिर्याणी रात्रभर बाहेर राहिली तर दुसऱ्या दिवशी ती कितीही वाफवली तरी भरवशाची राहत नाही. वास आणि चवीवरही विसंबू नका. आमच्या सालनाला सकाळी अगदी ताजा वास होता.

दुसरा गैरसमज फ्रीजरबद्दल आहे. फ्रीजर जंतू मारत नाही, त्यांना झोपवतो. पदार्थ वितळला की ते पुन्हा जागे होतात. जे जसं आत जाईल तसंच बाहेर येईल. चार तास ओट्यावर राहिलेलं अन्न गोठवून सुरक्षित होत नाही. फ्रीजर चूक दुरुस्त करत नाही. तो फक्त चांगल्या अन्नाला वेळ देतो.

अंड्याची गोष्ट आणखी वेगळी आहे. कोंबडीच्या पोटातला साल्मोनेला हा जंतू कवचावर असतो आणि कधीकधी अंड्याच्या आतही असू शकतो. म्हणून मिसळलेल्या अंड्याचा पदार्थ नीट शिजवायला हवा. भुर्जी ओलसर ठेवू नका, आम्लेट मध्ये वाहतं ठेवू नका. पिवळा बलक घट्ट झाला की समजावं. कच्चं अंडं फेटलेला चमचा, वाटी आणि हात धुतल्याशिवाय शिजलेल्या पदार्थाला लावू नका.

गार करायचं कसं?

“गरम वस्तू फ्रीजमध्ये ठेवली तर फ्रीज बिघडतो” हे ऐकत आपण मोठ्या झालो. त्यापायी तासन्‌तास टोप बाहेर राहतो. खरा मार्ग मधला आहे.

मोठ्या टोपात सालन गार व्हायला फार वेळ लागतो. त्याऐवजी ते पसरट भांड्यांत काढा, थर दोन इंचांहून जाड नको. घाई असेल तर परातीत बर्फ आणि पाणी घेऊन त्यात टोप ठेवा आणि डावाने हलवत राहा. पाणी कोमट झालं की बदला. वीस-तीस मिनिटांत वाफ गेली, भांडं हाताला सोसेल इतकं झालं की फ्रीजमध्ये ठेवायला हरकत नाही. बिर्याणीतली अंडी वेगळी काढा आणि भात ताटात पसरून गार करा.

फ्रीजमध्ये डब्यांच्या मध्ये बोटभर जागा सोडा. कंटेनरची लाल रेघ आठवा. फ्रीजचं तापमान ४ अंश किंवा त्याहून कमी हवं. साधा फ्रीज थर्मामीटर थोड्या पैशांत मिळतो आणि डोळे उघडतो. पदार्थ फ्रीजमध्ये पूर्ण गार झाला की मग फ्रीजरमध्ये हलवा. अशा क्रमाने फ्रीजरमधल्या आधीच्या वस्तूही वितळत नाहीत.

काय गोठतं आणि काय बिघडतं?

सगळे अंड्याचे पदार्थ गोठवण्याजोगे नसतात. काही खाण्याजोगे राहतात, पण रबरासारखे होतात. मग ते शेवटी कचऱ्यातच जातात आणि तो इसराफ आणखी जास्त टोचतो. म्हणून हे लक्षात ठेवा.

अंड्याचं सालन. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग गोठवला की त्यातलं पाणी बर्फ होऊन सुटतं. वितळल्यावर तो चिवट आणि पाणचट लागतो. म्हणून अंडी आणि रस्सा वेगळे करा. रस्सा गोठवा, तो दोन-तीन महिने चांगला राहतो. अंडी फ्रीजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवा. अंडी जास्त असतील तर पांढरा भाग बारीक चिरून दुसऱ्या दिवशी खिम्यात घाला आणि शिजलेला पिवळा बलक कुस्करून रस्स्यातच मिसळा. बलक गोठवायला चालतो आणि रस्सा दाट होतो.

नुसती उकडलेली अंडी. कवचासकट फ्रीजमध्ये आठवडाभर राहतात. गोठवू नका. कच्चं अंडंही कवचासकट गोठवू नका. आतलं अंडं गोठताना फुगतं आणि कवच फुटतं.

भुर्जी, खागीना, आम्लेट. टोमॅटो नसलेली, कोरडी शिजलेली भुर्जी गोठवता येते. टोमॅटो आणि कांद्याचं पाणी सुटतं, म्हणून ते वितळल्यावर परतून घाला. पातळ आम्लेटं एकमेकांमध्ये बटर पेपर घालून गोठवा. चव म्हणाल तर महिन्याभरात संपवलेली बरी.

शामी कबाब. तळलेले कबाब उरले तर गोठतात. रमजानसाठी आधी करून ठेवायचे असतील तर कच्च्या टिक्क्या करून अंड्यात न बुडवता गोठवा. तळण्याच्या वेळी ताजं अंडं फेटा. अंड्याचा लेप गोठवला तर तळताना सुटतो.

नर्गिसी कोफ्ता. आत अख्खं उकडलेलं अंडं असल्याने तयार कोफ्ता गोठवू नका. खिमा मसाला लावून गोठवा, अंडं त्या दिवशी उकडा.

समोसे आणि रोल. सारणात उकडलेल्या अंड्याचे तुकडे घालण्याऐवजी कोरडी भुर्जी घाला. गोठवल्यावर तेच सारण चांगलं लागतं.

अंड्याचा हलवा, केक. दोन्ही छान गोठतात. वड्या कापून एकेक गुंडाळा, म्हणजे पाहुणा आला की हवी तेवढीच काढता येते.

कॅरमल पुडिंग, कस्टर्ड, मेयोनीज. गोठवू नका. पुडिंग फाटतं, मेयोनीजचं तेल वेगळं होतं. पुडिंग फ्रीजमध्ये तीन-चार दिवस ठेवा, मेयोनीजचं सँडविच त्याच दिवशी संपवा.

कच्चे पांढरे आणि पिवळे भाग. हलव्याला फक्त बलक वापरले की पांढरे भाग उरतात. ते बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून गोठवा आणि मग पिशवीत काढा, वर्षभर टिकतात. साधारण दोन मोठे चमचे म्हणजे एका अंड्याचा पांढरा भाग. कच्चा बलक मात्र नुसता गोठवला तर जेलीसारखा घट्ट होतो आणि पुन्हा सुटत नाही. चार बलकांत चिमूटभर मीठ किंवा दीड छोटा चमचा साखर फेटून मग गोठवा. डब्यावर “मीठवाला” की “साखरवाला” हे नक्की लिहा. अख्खी अंडी फेटूनही गोठवता येतात. वितळल्यावर ही सगळी नीट शिजवूनच वापरायची.

शिजलेल्या अंड्याच्या पदार्थांचा सर्वसाधारण हिशेब असा: फ्रीजमध्ये तीन-चार दिवस, उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन-तीन महिने. त्यानंतर लगेच विष होतं असं नाही, पण चव आणि पोत दोन्ही जातात.

आपला फ्रीजर खरोखर उणे १८ आहे का?

आपल्यापैकी अनेक घरांत एका दाराचा फ्रीज असतो. त्याच्या आतला बर्फाचा कप्पा म्हणजे फ्रीजर नव्हे. तिथे बहुतेक वेळा उणे १८ गाठलं जात नाही. एक सोपी पारख आहे. त्यात आइस्क्रीम ठेवून बघा. दुसऱ्या दिवशी ते दगडासारखं कडक नसेल, चमचा सहज जात असेल, तर तो कप्पा महिन्यांच्या साठवणीसाठी नाही. तिथे ठेवलेलं आठवडाभरात संपवा.

वीज गेली तर? दार उघडू नका, हा पहिला नियम. दार बंद राहिलं तर फ्रीजमधलं अन्न साधारण चार तास, अर्ध्या भरलेल्या फ्रीजरमधलं चोवीस तास आणि पूर्ण भरलेल्या फ्रीजरमधलं अठ्ठेचाळीस तास टिकतं. हे दोन दारांच्या फ्रीजचं झालं. एका दाराच्या फ्रीजच्या कप्प्यावर इतका भरवसा ठेवू नका. आपण गावी जातो, लग्नाला जातो, मागे वीज किती वेळ गेली ते कळत नाही. त्यासाठी जुनी युक्ती आहे. वाटीत पाणी गोठवा आणि त्यावर एक नाणं ठेवून वाटी फ्रीजरमध्ये ठेवा. परत आल्यावर नाणं वरच असेल तर ठीक. नाणं तळाशी जाऊन पुन्हा बर्फ झाला असेल, तर मधल्या काळात सगळं वितळलं होतं. मग मन घट्ट करून टाका.

डबा, तारीख आणि एकदाच गरम

गोठवताना एका जेवणाला पुरेल एवढाच वाटा करा. सहा माणसांचा एकच मोठा डबा गोठवला की तो पुरता वितळवावा लागतो आणि उरलेलं पुन्हा गोठवायचा मोह होतो. रस्सा झिप पिशवीत भरून आडवा, सपाट गोठवा. लवकर गोठतो, लवकर वितळतो आणि जागाही कमी घेतो. डब्यात भरत असाल तर वर अर्धा इंच जागा सोडा, कारण गोठताना पदार्थ फुगतो. काचेची बरणी वापरू नका.

प्रत्येक डब्यावर कागदी टेप लावून पदार्थाचं नाव आणि तारीख लिहा. “माझ्या लक्षात राहील” असं प्रत्येकीला वाटतं. तीन आठवड्यांनी खिमा कोणता आणि मसाला कोणता हे कुणालाच ओळखता येत नाही. यार्डात प्रत्येक रीफरच्या तापमानाची नोंद ठेवतात. आपल्याला डब्यावर एक ओळ लिहायला काय जातं?

वितळवताना डबा ओट्यावर ठेवू नका. बाहेरचा थर तासन्‌तास कोमट राहतो आणि आत बर्फच असतो. आदल्या रात्री डबा फ्रीजरमधून फ्रीजमध्ये काढून ठेवा. सहरीसाठी हवं असेल तर इफ्तारनंतर काढा. घाई असेल तर गोठलेला रस्सा सरळ टोपात टाकून मंद आचेवर वितळू द्या आणि मग खळखळून उकळा. गरम करताना पदार्थाच्या मध्यभागी ७४ अंश तापमान गाठलं पाहिजे. घरगुती भाषेत, रस्सा सगळीकडून उकळला पाहिजे आणि भुर्जीतून सगळीकडून वाफ आली पाहिजे. अख्खं उकडलेलं अंडं मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, ते फुटून चेहऱ्यावर उडतं.

आणि हे एकदाच. गरम केलेलं उरलं तर ते पुन्हा फ्रीजरमध्ये नाही.

शेजाऱ्याला, वॉचमनला द्यायचं तर

उरलेल्या अन्नाचं सगळ्यात चांगलं ठिकाण फ्रीजर नसून दुसऱ्याचं ताट आहे. आमच्या मजल्यावर चार घरं चार मुलखांतली आहेत. वॉचमन रात्रपाळीला एकटा असतो. दावतीच्या दिवशी जेवणं चालू असतानाच, गरम गरम, त्यांच्या घरी डबे पोहोचले पाहिजेत. कोण अंडं खातं आणि कोण नाही हे आधी विचारून घ्यावं.

एक गोष्ट कबूल करायला हवी. आपण पुष्कळदा दुसऱ्या दिवशी देतो. घरात कुणी खायला तयार नाही, टाकवत नाही, म्हणून कामवालीला देतो. जे आपल्या लेकराला वाढायची हिंमत होत नाही ते दुसऱ्याच्या लेकराला देणं याला खैरात कसं म्हणायचं? तिच्या घरी कदाचित फ्रीजही नसेल. द्यायचं तर पहिल्या तासात द्यावं, नाहीतर देऊ नये.

तरीही पोट बिघडलंच तर

उलट्या-जुलाब सुरू झाले की पहिली भीती पाणी कमी होण्याची असते. औषधाच्या दुकानातलं ओआरएस घरात ठेवा. ते नसेल तर एक लिटर स्वच्छ उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ घालून विरघळवा आणि घोट घोट द्या. जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने देऊ नका.

पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बायका, वयस्कर माणसं आणि साखर किंवा मूत्रपिंडाचा आजार असणारे यांच्या बाबतीत वाट बघू नका. शौचात रक्त, १०२ फॅरनहाइटच्या वर ताप, पाणीही पोटात न टिकणं, लघवी फार कमी होणं, गुंगी येणं किंवा तीन दिवसांहून जास्त जुलाब, यांपैकी काहीही दिसलं तर लगेच डॉक्टरांकडे जा. आजारी माणूस रोजा ठेवण्याची जिद्द करत असेल तर त्याला समजावा. आजारपणात सवलत आहे, ती घेण्यात कमीपणा नाही.

आमच्या घरातली नवी रीत

आता आमच्याकडे दावत असली की तीन गोष्टी आधी ठरलेल्या असतात. पसरट भांडी रिकामी करून ठेवलेली असतात, फ्रीजरमध्ये बर्फाचे दोन ट्रे भरलेले असतात आणि टोप चुलीवरून किती वाजता उतरला ते लेक कॅलेंडरच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहिते. दस्तरखान उचलला की पाहुण्यांच्या गप्पा सुरू होण्याआधी दहा मिनिटांत वाटणी होते. डबे शेजारी जातात, अंडी एका भांड्यात, रस्सा दुसऱ्यात, आणि जे दोन तासांहून जास्त राहिलं ते कचऱ्यात. ते शेवटचं आता फार क्वचित घडतं, कारण उरतं किती हे डोळ्यांसमोर दिसायला लागल्यावर मी शिजवतेच मोजून. माणशी दोन अंडी धरायचे, आता दीड धरते. साठाची पंचेचाळीस झाली आणि कुणी उपाशी उठलं नाही.

मागच्या ईदला मी पाहुण्यांबरोबर बोलण्यात रंगले होते. स्वयंपाकघरातून अम्मींचा आवाज आला. चष्मा लावून त्या कॅलेंडरसमोर उभ्या होत्या.

“बेटा, पावणेतीन वाजले. सालन एकला उतरवलं होतंस. उठ, परात दे.”

मी उठले. पाहुण्या हसल्या. त्यांतल्या एकीने मात्र पर्समधून पेन काढलं आणि विचारलं, “दोन तास म्हणालात ना? उन्हाळ्यात एक?”